चढउतारावरची चकती : छोट्या डोंगरी कोर्सवरील डिस्क गोल्फ

डिस्क गोल्फ हा गोल्फच्या नियमांवर बेतलेला, परंतु काठी आणि चेंडू यांच्याऐवजी हाताने फेकायच्या प्लास्टिकच्या चकतीने खेळला जाणारा खेळ आहे. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, चकती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि अशा रीतीने कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये पोहोचवायची, हे त्याचे मूळ सूत्र होय. सुरुवातीच्या जागेला ‘टी’ म्हणतात, टीपासून बास्केटपर्यंतच्या टप्प्याला ‘होल’ आणि त्यामधल्या मोकळ्या वाटेला ‘फेअरवे’ म्हणतात. एखादे होल निपुण खेळाडूने जितक्या फेकींत पुरे करावे अशी अपेक्षा असते ती संख्या म्हणजे त्या होलचा ‘पार’. बहुधा अशी नऊ किंवा अठरा होले मिळून एक कोर्स होतो.

जगभरात आज असे पंधरा हजारांहून अधिक कोर्स असून त्यांतले सर्वाधिक अमेरिकेत आहेत. मोठ्या स्पर्धांच्या चित्रफितींत दिसणारे, सिमेंटच्या टी आणि कापलेल्या गवताचे फेअरवे असलेले कोर्स यांतले मोजकेच असतात. गावाच्या किंवा परगण्याच्या सार्वजनिक उद्यानात, ज्या टेकडीवर दुसरा कोणताही खेळ मांडता येत नाही अशा जागी, नऊ बास्केट रोवून तयार झालेले आणि गवत कधीमधीच कापले जाणारे छोटे कोर्स हीदेखील या खेळाची तितकीच खरी ओळख आहे. अशा कोर्सकडे बहुधा शिकाऊ खेळाडूंची सोय म्हणून पाहिले जाते. परंतु इतरत्र पैसा खर्चून जी आव्हाने उभी करावी लागतात ती इथे उतार, झाडे आणि वारा यांनी आधीच मांडून ठेवलेली असतात, आणि ती ओळखण्यासाठी ताकदीपेक्षा जमीन वाचण्याची क्षमता अधिक लागते. त्यामुळे या कोर्सचा विचार खेळाची उणी आवृत्ती म्हणून न करता स्वतंत्र प्रकार म्हणून करणे योग्य ठरते.

उद्यानातून टेकडीकडे

चकतीसारखी वस्तू फेकून लक्ष्य गाठण्याची कल्पना जुनी आहे. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ या गावी १९२६ साली शाळकरी मुलांनी डब्यांच्या पत्र्याच्या झाकणांनी असा खेळ खेळल्याची नोंद आहे. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांनी घडवलेली प्लास्टिकची चकती वॅम-ओ या कंपनीने १९५७ साली बाजारात आणली आणि पुढे ती फ्रिस्बी या नावाने घरोघरी पोहोचली. याच कंपनीत काम करणाऱ्या एड हेड्रिक यांनी चकतीच्या वरच्या बाजूस समकेंद्री कंगोरे काढून तिचे उड्डाण अधिक स्थिर केले व त्या सुधारणेचे पेटंट त्यांना १९६७ साली मिळाले. कॅलिफोर्नियातील पॅसाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी १९७५ साली मांडलेला कोर्स हा या खेळासाठी मुद्दाम रचलेला पहिला कायमस्वरूपी कोर्स मानला जातो. तिथे आरंभी लक्ष्य म्हणून साधे खांबच होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून होणारे वाद मिटवण्यासाठी साखळ्या आणि त्यांच्याखाली लोखंडी पाटी असलेली बास्केट पुढे आली. फेकलेली चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मोडतो आणि ती खालच्या पाटीत पडते, ही या बास्केटची रचना आजही मूळ रूपात टिकून आहे. १९७६ साली हेड्रिक यांनीच ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ म्हणजे पीडीजीए ही संस्था स्थापन केली आणि खेळाचे नियम आज तीच ठरवते.

हा खेळ टेकड्यांकडे वळला त्यामागे जमिनीचे अर्थकारण आहे. चेंडूच्या गोल्फचे अठरा होलांचे मैदान शंभराहून अधिक एकर जागा व्यापते, त्यातील गवत रोज राखावे लागते आणि चेंडू भोकापर्यंत घरंगळत जाण्यासाठी सपाट, तुळतुळीत ‘ग्रीन’ लागते. चकती मात्र बव्हंशी हवेतून जाते, ती जमिनीवर घरंगळावी अशी अपेक्षा नसते आणि लक्ष्य जमिनीच्या वर उभे असते. म्हणून बास्केटभोवतीची जमीन उंचसखल, दगडाळ किंवा पाचोळ्याने भरलेली असली तरी खेळ अडत नाही. नऊ छोटी होले पाच ते दहा एकरांत बसू शकतात. साहजिकच ज्या उतारावर फुटबॉलचे मैदान किंवा टेनिसचे कोर्ट होऊ शकत नव्हते ते उतार उद्यान खात्यांनी या खेळासाठी मोकळे केले, आणि हिवाळी पर्यटनावर चालणाऱ्या अनेक स्की केंद्रांनी बर्फ नसलेल्या महिन्यांत आपल्या उतारांवर बास्केट उभ्या केल्या. व्हर्मांट राज्यातील स्मगलर्स नॉच हे असेच एक स्की केंद्र असून २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी व्यावसायिक खेळाडूंची जागतिक स्पर्धा तिथे झाली. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे डी लाव्हिएगा उद्यानात १९८४ साली सुरू झालेला कोर्सही टेकड्यांमुळेच प्रसिद्ध झाला. त्याचे ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ हे सत्ताविसावे होल माथ्यावरून सुरू होते आणि पाचशे फुटांहून अधिक अंतरावर, खूप खाली असलेल्या बास्केटकडे जाते. ही दोन्ही ठिकाणे मोठी व नावाजलेली आहेत. परंतु उतार स्वतःच होलची रचना कशी घडवतो हे त्यांच्यावरून जसे दिसते तसेच ते एखाद्या अनामिक उद्यानातल्या नऊ होलांच्या कोर्सवरही दिसते.

चकती हवेत काय करते

उताराचा परिणाम समजण्यासाठी चकतीच्या उड्डाणाची तोंडओळख आवश्यक आहे. भोवरा जसा गिरकीच्या जोरावर आपला तोल राखतो आणि गिरकी मंदावली की कलू लागतो, तशीच हवेतील चकतीही फिरण्यामुळे स्थिर राहते. उजव्या हाताने, छातीसमोरून हात बाहेर नेत केलेल्या फेकीला ‘बॅकहँड’ म्हणतात आणि त्या फेकीत चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवेचा दाब तिचा पुढचा भाग खाली दाबू पाहतो, वेग कमी झाल्यावर तोच भाग वर उचलला जातो. परंतु फिरत्या वस्तूवर दिलेला रेटा काटकोनात वळून प्रकट होत असल्यामुळे प्रत्यक्षात चकती पुढे-मागे न कलता आधी किंचित उजवीकडे आणि अखेरीस डावीकडे कलते. पहिल्या वळणाला ‘टर्न’ आणि शेवटच्या वळणाला ‘फेड’ अशी नावे आहेत. तळहात पुढे ठेवून बाजूने केलेल्या ‘फोरहँड’ फेकीत गिरकी उलटी असते, म्हणून ही दोन्ही वळणेही उलट होतात.

१९८३ साली स्थापन झालेल्या इनोव्हा या कंपनीने निमुळत्या कडेची चकती आणल्यापासून चकत्यांचे प्रकार वेगाने वाढले. रुंद, धारदार कडेच्या व लांब पल्ल्याच्या चकतीला ‘ड्रायव्हर’, मध्यम पल्ल्याच्या चकतीला ‘मिडरेंज’ आणि बास्केटजवळून टाकायच्या बोथट कडेच्या, हळू व सरळ जाणाऱ्या चकतीला ‘पटर’ म्हणतात. बहुतेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात आणि ते अनुक्रमे तिला लागणारा वेग, तरंगण्याची क्षमता, टर्न आणि फेड दर्शवतात. पीडीजीएच्या नियमानुसार चकतीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो आणि तिचे वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणूनच लहान व्यासाच्या ड्रायव्हर चकत्यांचे वजन साधारणतः १७५ ग्रॅमच्या आसपास थांबते. चकती सोडताना तिची बाहेरची कड खाली कलती ठेवल्यास त्या कोनाला ‘हायझर’ आणि वर ठेवल्यास ‘अँहायझर’ म्हणतात. हे दोन कोन आणि चकतीची निवड यांच्या मेळातून खेळाडू हवेत हवी तशी वाट आखतो. छोट्या कोर्सवरील होले बहुधा दीडशे ते तीनशे फुटांची असल्याने तिथे ड्रायव्हरची गरज क्वचितच भासते. दोन मिडरेंज आणि दोन पटर एवढ्या सामग्रीवर संपूर्ण फेरी चांगली खेळता येते.

चढ, उतार आणि आडवा उतार

चढावर असलेल्या बास्केटकडे फेकताना चकतीचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे लवकर सरतो, त्यामुळे फेड लवकर सुरू होते आणि चकती अपेक्षेहून आधीच डावीकडे कोसळते. इथे नवख्या खेळाडूची नजर उंचावरच्या बास्केटवर खिळलेली असल्याने तो चकतीचे तोंड वर करून फेकतो, आणि तोंड वर झालेली चकती हवेत थांबून मागे पडते. संपूर्ण फेक चढाच्या रेषेत वर न्यावी, परंतु चकतीचे तोंड त्या रेषेच्या वर जाऊ देऊ नये, आणि कमी फेड असलेली चकती निवडावी, हा त्यावरचा उपाय आहे. खाली उतरणाऱ्या होलवर याच्या उलट घडते. फेक जमिनीला समांतर गेली तरी खालची जमीन दूर सरत जाते, चकती हवेत अधिक काळ राहते आणि त्या वाढीव काळात वारा आणि फेड या दोघांनाही आपले काम करण्यास अधिक अवधी मिळतो. म्हणून उतारावरच्या होलवर अंतर फुकट मिळते, पण दिशा महाग पडते. ताकद कमी करून चकतीचे तोंड उताराला समांतर ठेवणारा खेळाडू जोर लावणाऱ्यापेक्षा अधिक जवळ पोहोचतो.

सर्वांत फसवा असतो तो आडवा उतार, म्हणजे फेअरवेच्या एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला उतार असलेली जमीन. जी चकती उताराला साधारण समांतर कोनात टेकते ती घसरत खाली जाते; जी उभ्या कोनात कडेवर पडते ती चाकासारखी उभी राहून घरंगळू लागते आणि छान पडलेली फेक पाहता पाहता दरीच्या तळाशी जाऊन विसावते. या धोक्यामुळे डोंगरी कोर्सवर चकती कुठे पडेल या प्रश्नाइतकाच ती कोणत्या कोनात पडेल हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अनुभवी खेळाडू आडव्या उतारावर शक्यतो चढाच्या बाजूला नेम धरतो, उंच तिरक्या फेकीऐवजी बुटकी, सपाट फेक पसंत करतो आणि थोडे अंतर सोडून चकती जागीच थांबेल अशी व्यवस्था करतो.

बास्केटजवळ आल्यावरही उताराची पकड सुटत नाही. बास्केटपासून दहा मीटरच्या आतून केलेल्या फेकीत खेळाडूने चकती सोडल्यानंतर तोल सावरून दाखवल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये असा नियम आहे. एक पाय वर व एक खाली अशा अवस्थेत तो पाळणे अवघड जाते, म्हणून पाय फाकून किंवा एक गुडघा टेकून फेकण्याची पद्धत अशा जागी उपयोगी पडते. खालून वर केलेली फेक चुकली तर चकती समोरच्या चढात अडकण्याची शक्यता असते. वरून खाली केलेली फेक चुकली तर ती बास्केटच्या पलीकडे आणखी दूर जाते. म्हणून आधीची फेकच अशी करावी की चकती बास्केटच्या खालच्या अंगाला थांबेल, हा डोंगरी कोर्सवरचा शहाणपणाचा संकेत आहे. बास्केट टप्प्यात असूनही उताराकडे पाहून मुद्दाम थोडे अलीकडे थांबणे आणि दोन खात्रीच्या फेकींत होल संपवणे हे तिथे चांगल्या खेळाचे लक्षण मानले जाते.

वाऱ्याचा हिशेबही टेकडीवर बदलतो. उन्हाने तापलेल्या उतारावरून दिवसा हवा वर चढते आणि सूर्यास्तानंतर थंड हवा खाली उतरते. माथ्यावर वारा जोर धरतो, तर दोन टेकड्यांच्या घळीत तो पडलेला असतो. समोरून येणारा वारा टर्न वाढवतो व चकतीला वर उचलतो, पाठीमागचा वारा तिला लवकर खाली आणून फेड वाढवतो. टीपाशी झाडीच्या आडोशाला उभ्या असलेल्या खेळाडूला याची कल्पना येत नाही, म्हणून दूरच्या गवताच्या आणि झाडांच्या शेंड्यांच्या हालचालीवरून वाऱ्याचा अंदाज बांधावा लागतो.

गवत, झुडपे आणि हरवलेली चकती

निगा कमी असलेल्या कोर्सवर टी बहुधा मातीची किंवा खडीची असते, पावसानंतर ती निसरडी होते आणि फेकण्यापूर्वी धाव घेणे धोक्याचे ठरते. तिथे एका जागी उभे राहून फेकण्याचा सराव असलेला खेळाडू सुरक्षित राहतो. होलची दिशा व अंतर दाखवणारा फलक नसेल तर पुढच्या बास्केटपर्यंत आधी चालत जाऊन जमीन पाहून घेणे श्रेयस्कर असते, विशेषतः उंचवट्याआड दडलेल्या होलवर, जिथे पलीकडून कोणी चालत येत आहे की नाही हे टीवरून दिसत नाही. सार्वजनिक उद्यानात पायी फिरणाऱ्यांना नेहमीच आधी वाट द्यावी आणि चकती कोणाच्या दिशेने गेल्यास मोठ्याने ‘फोर’ असा इशारा द्यावा, हा संकेत गोल्फकडून या खेळाकडे आला आहे.

उंच गवत आणि झुडपे हा अशा कोर्सचा खरा कर असतो. नियमानुसार चकती शोधण्यासाठी तीन मिनिटे मिळतात. त्यानंतर ती हरवली असे धरून एका फेकीचा दंड लागतो. म्हणून फेक झाल्यावर चकती जिथे दिसेनाशी झाली त्या रेषेतील एखादे झाड किंवा दगड मनाशी टिपून ठेवणे, सोबत्याला पुढे उभे करणे आणि हिरव्या रंगाऐवजी गुलाबी, नारिंगी किंवा पांढरी चकती वापरणे या साध्या सवयींचे मोल मोठे ठरते. चकती झुडपात पडल्यास खेळाडूला फांद्या तोडण्याची किंवा दाबून धरण्याची मुभा नसते. त्याने झाडोऱ्याची हालचाल कमीत कमी होईल अशा रीतीने उभे राहावे लागते, आणि तिथून फेकणे अशक्य वाटल्यास एका फेकीचा दंड स्वीकारून बास्केटच्या रेषेत मागे येता येते. अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत, अंगाला लागल्यास पुरळ उठवणारी पॉयझन आयव्ही ही वेल आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी यांचा वावर असल्याने तिथले खेळाडू लांब पायजमा घालतात आणि फेरीनंतर अंग तपासतात. कमी निगेची किंमत अशी अंगावरही मोजावी लागते.

कमी निगा म्हणजे किती निगा

डोंगरी कोर्सचा सर्वांत मोठा शत्रू गवत नसून धूप हा आहे. टी आणि बास्केट या दोन जागी पावलांची वर्दळ सतत होते, तिथली माती घट्ट बसते, गवत मरते, आणि उतारावरून धावणारे पावसाचे पाणी ती सैल माती वाहून नेते. काही वर्षांत झाडांची मुळे उघडी पडतात आणि बास्केटचा पाया हलू लागतो. फेअरवेच्या कडेच्या झाडांच्या सालीवर चकत्यांचे वार बसत राहतात तेही वेगळेच. यावरचे उपाय खर्चिक नाहीत, पण वेळेवर करावे लागतात. पाऊलवाट सरळ उतारावरून न नेता नागमोडी काढणे, वाटेवर आडवे ओंडके पुरून पाणी बाजूला वळवणे, बास्केटभोवती लाकडाचा भुसा किंवा चिपा अंथरणे आणि बास्केटसाठी दोन-तीन खोबण्या तयार ठेवून तिची जागा अधूनमधून बदलणे, ही त्यातली प्रमुख कामे आहेत. जागा बदलली की जुन्या जागेवरचे गवत पुन्हा धरते आणि खेळाडूला तेच होल नव्या रूपात मिळते.

ही कामे बहुतेक छोट्या कोर्सवर उद्यान खात्याचे नोकर करत नाहीत. स्थानिक खेळाडूंची मंडळे एखाद्या शनिवारी फावडी व कोयते घेऊन जमतात आणि ती उरकतात. बहुतांश सार्वजनिक कोर्सवर खेळण्यासाठी शुल्क नसते, आणि ही सवलत अशा श्रमांवर उभी असते. त्यामुळे कोर्सची अवस्था हा तिथे खेळणाऱ्या समाजाच्या संघटनेचा बऱ्यापैकी विश्वासार्ह निर्देशक ठरतो: वाकलेली बास्केट, झिजलेल्या साखळ्या आणि वाढलेले गवत यांचा अर्थ जमीन वाईट आहे असा नसतो, तर ती सांभाळणारे हात कमी झाले आहेत असा असतो.

मात्र कमी निगा आणि दुर्लक्ष यांच्यातली सीमा स्पष्ट ठेवणे गरजेचे आहे. गवत वाढलेले चालते, फेअरवे अरुंद चालतो, जमीन उंचसखल तर हवीच. पण पाय न घसरणारी टी, पुढे कोण आहे हे दिसेल अशी मोकळी नजर, पक्की रोवलेली बास्केट आणि पाण्याला दिलेली वाट या चार गोष्टींत काटकसर करता येत नाही, कारण पहिल्या दोन माणसांना इजा होण्यापासून वाचवतात आणि उरलेल्या दोन कोर्सला. एवढे राखले गेले तर टेकडीवरचा नऊ होलांचा कोर्स फारसा पैसा न खाता पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो आणि खेळाडूला कोन, वारा, जमीन व स्वतःच्या ताकदीची मर्यादा यांचे असे शिक्षण देऊ शकतो, जे सपाट आणि सुबक कोर्सवर फार उशिरा मिळते. एखाद्या गावाला हा खेळ सुरू करायचा असेल, तर मोठ्या सपाट जागेची वाट पाहण्यापेक्षा कोणालाच नको असलेल्या उताराकडे आधी पाहणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.